जास्तीची वल्ही

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, करड्या चित्रात उघडझाप करणारी ही पोकळी म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा, आणि तिच्या कडेचा जाड पट्टा म्हणजे दोन कप्प्यांमधली स्नायूंची भिंत. निरोगी माणसात ती साधारण एक सेंटिमीटर जाडीची असते. इथे ती दीडपटीहून अधिक फुगली आहे. त्यामुळे महारोहिणीकडे, म्हणजे शरीराच्या मुख्य धमनीकडे, निघालेल्या रक्ताची वाट अडते आणि पहिला जिना चढतानाच धाप लागते.

या विकाराचे, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचे, एक मूळ मायोसिन या स्नायुप्रथिनाच्या जनुकातील बिघाडात आहे, हे हार्वर्डमधील क्रिस्टीन आणि जोनाथन साइडमन यांच्या गटाने १९९० मध्ये दाखवले. मायोसिनची टोके वल्ह्यांसारखी शेजारचे तंतू ओढतात. या विकारात गरजेपेक्षा जास्त वल्ही एकाच वेळी चालू लागतात. बीटा-ब्लॉकर आणि व्हेरापामिल ही आजवरची औषधे मुळात दुसऱ्याच दुखण्यांसाठी शोधलेली होती. मॅव्हाकॅम्टेन हे औषध मात्र ही जास्तीची वल्ही थांबवण्यासाठीच घडवले गेले.

आता ही ट्रेडमिल पाहा. मॅव्हाकॅम्टेनच्या एक्सप्लोरर चाचणीत तेरा देशांतील २५१ रुग्ण होते. त्यांपैकी १२३ जणांना औषध मिळाले आणि १२८ जणांना औषध नसलेली कॅप्सूल. कोणाच्या वाट्याला काय आले, हे ना रुग्णाला ठाऊक होते, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. तोंडावर घट्ट बसवलेल्या मास्कमधून प्रत्येक श्वास नळीत जातो, आणि शरीराने मिनिटाला, दर किलो वजनामागे, किती ऑक्सिजन वापरला ते यंत्र मोजते. मास्क काढल्यावर गालांवर त्याच्या कडांचे लाल वळ उरतात. 'बरे वाटते' एवढ्यावर कोणालाही यशस्वी धरले नाही, हे या चाचणीचे खरे मोल. ऑक्सिजनचा वापर किमान दीड मिलिलिटरने वाढून लक्षणे एका श्रेणीने सुधारायला हवीत, किंवा तो किमान तीन मिलिलिटरने वाढून लक्षणे बिघडता कामा नयेत, अशी अट होती. तीस आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांतील ३७ टक्के या अटीला उतरले. दुसऱ्या गटातील १७ टक्के, तेही औषधाविना.

वल्ही प्रमाणाबाहेर थांबली तर हृदयाचा जोरच कमी पडतो. औषध घेणाऱ्या सात जणांत दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले रक्त बाहेर टाकण्याचे प्रमाण ५० टक्क्यांखाली आले होते. म्हणून एप्रिल २०२२ मध्ये मान्यता देताना अमेरिकेने हृदय निकामी होण्याचा इशारा वेष्टनपत्रकावर चौकटीत छापायला लावला आणि ठरावीक काळाने इको सक्तीचा केला. तिथे वर्षाची किंमत सुमारे ८९,५०० डॉलर ठेवली गेली. स्नायू जाड, पण रक्ताची वाट मोकळी, अशा रुग्णांवरील याच औषधाची ओडिसी चाचणी २०२५ मध्ये आपल्या दोन्ही मुख्य कसोट्यांवर उतरली नाही.