पाडस आधी

(दृश्य: माघातली रात्र. उघडा माळ. चंद्र नाही.)

दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि मान वर करा. चार ठळक तारे चौकोनात दिसतील. ते मृगाचे चार पाय. चौकोनाच्या आत एका ओळीत तीन तारे आहेत, तो बाण. त्या तिघांची रेघ डावीकडे खाली नेली की ती एका लखलखत्या ताऱ्याजवळ पोचते. तो व्याध. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा.

महाशिवरात्रीच्या संध्याकाळी हे सगळं आपल्या माथ्याच्या आसपास असतं आणि खाली घराघरांत, देवळांत याच दोघांची गोष्ट वाचली जाते. व्याध बेलाच्या झाडावर दबा धरून बसलाय. खाली पाणवठा. हरिणी पाण्यावर येते. तो बाण लावतो. ती पळत नाही, बोलते. कुठे ती गाभण असते, कुठे तिची पाडसं मागे राहिलेली असतात. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. मागणं मात्र तेच. पोरांची सोय लावून येते, मग मार.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना सगळं कौतुक तिच्या परत येण्याचं वाटायचं. शब्दाला जागली, सगळं कुटुंब घेऊन आली, व्याधाला पाझर फुटला. आता मी तिच्या मागण्यापाशीच अडून राहतो. तिनं जीव मागितला नाही. वेळ मागितला. मरायला ती तयार होती. मागे राहणाऱ्याचं काय, एवढंच तिला मिटवायचं होतं.

आणि एक गोष्ट खटकते. कथेत व्याधानं बाण सोडलाच नाही. आकाशात मात्र तो मृगाच्या पोटात रुतलेला दिसतो. तो बाण दुसऱ्या, कितीतरी जुन्या कथेतला आहे, हे मला माहीत आहे. तरीही मान वर केली की दोन्ही कथा एकदम दिसतात.

(दृश्य: गवताळ रान. एकटी हरिणी चरते आहे. बाकी काहीच हलत नाही.)

ही मादी एकटी आहे का?

नीट बघा. घाई करू नका. गवत कमरेइतकं आहे. वाऱ्यानं हलतंय तेवढंच.

ही एकटी नाही. हिचं पाडस याच गवतात कुठेतरी अंग चोरून बसलंय. हरणांच्या आणि काळविटांच्या कुळात हे सर्रास दिसतं. जन्मल्यानंतरचे पहिले दिवस पाडस आईच्या मागे धावत नाही. आई त्याला पाजते, चाटून स्वच्छ करते, गवतात बसवते आणि लांब जाऊन चरते. जवळ थांबली तर तिच्या वासानं लांडगा, कोल्हा तिथे पोचेल. पाडसाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. पायरव ऐकला की ते जमिनीला आणखी चिकटतं, मान टेकवतं, डोळाही हलवत नाही. धोका टळला की आई येते, हलकी साद घालते आणि ते उठून तिच्याकडे जातं.

म्हणून शेतात, रानात एकटं पाडस सापडलं तर उचलून घरी आणू नका. ते टाकलेलं नसतं. त्याची आई बहुतेक वेळा तुमच्या जाण्याचीच वाट बघत असते.

शिकाऱ्यासाठी याचा अर्थ फार कठीण आहे. पाडसासह असलेली हरिणी मारू नये, हे सगळेच म्हणतात. पण नियम मोडला जातो तो बहुधा दुष्टपणानं नाही. समोर फक्त आई दिसते आणि पाडस दिसत नाही, म्हणून मोडला जातो. दुर्बिणीतून तिची कास बघावी लागते. दुधानं भरलेली कास मागून, पायांच्या मधून दिसते; पण हिवाळी केस वाढले की तीही झाकली जाते. मग उरतं एकच, थांबणं. अर्धा तास, तास, ती कुठे जाते ते बघणं.

(दृश्य: जुनी कागदपत्रं. कायद्याच्या छापील पानांवरून फिरणारा कॅमेरा.)

आपल्याकडे कायद्यानं हा प्रश्न बराच आधी ओळखला होता. इंग्रजांच्या काळातल्या १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्यात, माद्या आणि लहान पिल्लं यांच्यासाठी बंदीचा काळ जाहीर करण्याची तरतूद होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा परवाना घेऊन शिकार अजून चालू होती, आणि त्यात माद्यांच्या आणि पिल्लांच्या शिकारीवर स्वतंत्र कलम होतं, कलम १५. १९९१ च्या दुरुस्तीत ते वगळलं गेलं. संरक्षण काढून घेतलं असं नव्हे. परवान्याची शिकारच संपली, त्यामुळे वेगळं कलम लागेनासं झालं.

त्यामुळे आज आपल्याला या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटतं. मारूच नका. मीही तेच म्हणतो. हौसेखातर कुणी जनावर मारावं, याचं एकही कारण मला पटत नाही. मग ती आई असो वा नसो.

पण जिथे मारणं थांबवता येत नाही असं एक समाज मानतो, तिथे काय करतात? त्यासाठी जर्मनीत जाऊ.

(दृश्य: धुकं. बीच आणि फरची झाडं. जंगलाच्या कडेला लाकडी मचाण.)

जर्मनीत दर वर्षी बारा लाखांहून जास्त रो हरणं मारली जातात. आकडा ऐकून धसका बसतो. रो म्हणजे लहान चणीचं हरीण, आपल्या भेकरासारखं, एकटं-दुकटं राहणारं. त्यांना आवरणारे लांडगे माणसांनी तिथून संपवले होते. जंगलात लांडग्यांची पिल्लं पुन्हा जन्मली ती २००० साली. मधल्या काळात हरणं वाढत गेली. नव्या रोपांचे कोवळे शेंडे ती खुडतात. फर आणि ओक यांची रोपं तर त्यांच्या विशेष आवडीची. जुनी झाडं उभी राहतात, पण त्यांच्याखाली नवं जंगल उगवत नाही. म्हणून बऱ्याच भागांत शिकारीचा आकडा ठरवून दिला जातो. आणि हरणांची संख्या कमी करायची तर नर मारून भागत नाही. माद्या माराव्या लागतात.

आणि तिथेच, देशाच्या शिकार कायद्याच्या कलम २२ मध्ये, पोटकलम ४ मध्ये, एक वाक्य आहे. विण्याच्या आणि अंडी उबवण्याच्या काळात, पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत, त्यांना वाढवण्यासाठी लागणारे आईबाप मारता येणार नाहीत. एरवी वर्षभर ज्यांच्या शिकारीला मोकळीक आहे, त्या जनावरांनाही हा नियम लागू. मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना जाण्याची भीती वेगळीच. तिथे शिकारीची परीक्षा इतकी अवघड असते की लोक तिला ‘हिरवी बारावी’ म्हणतात. या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असतं.

शरद येतो. सप्टेंबरच्या १ तारखेला रो माद्यांची शिकार सुरू होते. मे-जूनमध्ये जन्मलेली पाडसं आता चरू लागली आहेत, पण आईच्या मागेच असतात. पुढच्या वसंतापर्यंत असतील. मचाणावरच्या शिकाऱ्यासमोर झाडीतून तिघं बाहेर येतात. आई आणि दोन पाडसं. रो मादीला बहुधा जुळी होतात.

शिकारी बंदूक उचलतो. नेम कुणावर?

पाडसावर. तिथला नियम असा आहे: पाडस आधी, आई नंतर. आणि दोन्ही पाडसं मिळाल्याशिवाय आईला हात लावायचा नाही.

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. आपल्या कानांना यापेक्षा क्रूर काय वाटेल? आईच्या डोळ्यांदेखत लेकरू. पण मग मला शिवरात्रीची हरिणी आठवली आणि तिचं मागणं आठवलं. मागे राहणाऱ्याचं काय? या नियमाचं उत्तर भयंकर आहे. पण निदान हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारलाय. आई आधी मारली तर पाडस उरतं. ते कुठे लपायचं, कुठल्या वाटेनं खायला जायचं, हिवाळ्यात कुठे टिकायचं, हे आईकडून शिकत असतं. ती नसेल तर ते खुरटतं, हिवाळ्यात मरतं, किंवा कोल्ह्याच्या तोंडी जातं. तेही कुणाच्या नजरेला न पडता.

कळपानं राहणाऱ्या लाल हरणांमध्ये हे आणखी वाईट. कळपात पाडसाला जागा असते ती आईमुळे. आई गेली की बाकीच्या माद्या त्याला जवळ येऊ देत नाहीत. ते कळपाच्या कडेला, मग कळपाच्या बाहेर. स्कॉटलंडच्या रम बेटावर संशोधक १९७० च्या दशकापासून लाल हरणांना एकेक ओळखून त्यांच्या आयुष्याची नोंद ठेवत आले आहेत. लहानपणी आई गमावलेल्या पाडसांची जगण्याची शक्यता घटते, हे त्या नोंदींतून दिसलंय.

(दृश्य: नोव्हेंबर. हाकेवाले आरडाओरडा करत झाडीतून पुढे सरकतात.)

पण नियम मचाणावर शांत बसलेल्या एकट्या माणसासाठी ठीक. हाकाऱ्यात त्याचं काय होतं?

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे मोठे हाकारे होतात. कुत्री, माणसं, गोंगाट. जनावरं उठतात आणि पळतात. पळताना आई आणि पाडस यांची ताटातूट होते. आई या वाटेनं, पाडस त्या वाटेनं. बंदुकीसमोरून एक एकटी मादी पळत जाते. ती खरंच एकटी आहे की दोन मिनिटांपूर्वी झाली, हे धावत्या जनावराकडे बघून कुणाला सांगता येणार? म्हणून तिथली जुनी माणसं निक्षून सांगतात: हाकाऱ्यात एकट्या मादीवर बार टाकायचाच नाही. पण वर्षअखेर ठरवून दिलेला आकडा भरायचा असतो. झाडाखाली ओळीनं उभ्या असलेल्या सगळ्यांच्याच अंगी तो संयम नसतो. मला इथे दोष शिकाऱ्यापेक्षा पद्धतीचा जास्त वाटतो. ज्या पद्धतीत आई कोण हे ओळखायला वेळच मिळत नाही, त्या पद्धतीत आईला वाचवणारा कायदा कागदावरच राहतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये रो हरणांचा माज असतो. तेव्हा शिकारी ओठांशी पान किंवा शिटी धरून बारीक आवाज काढतात. एक आवाज मादीचा. दुसरा, भेदरलेल्या पाडसाचा. तो ऐकून आई गवतातून धावत येते, आणि तिच्या मागे लागलेला नरही येतो. गोळी नरासाठी असते. आईला कुणी काही करत नाही. कायद्यात बसतं सगळं. तरीही ती त्या जागी येऊन थांबते, कान टवकारून आपलं लेकरू शोधते, आणि तिथे एक माणूस बसलेला असतो. हे मला पाडस आधी मारण्याहूनही जास्त टोचतं. तिथे निदान तिच्या आईपणाचा विचार केलाय. इथे ते आमिष म्हणून वापरलंय.

(दृश्य: विदर्भ. तुरीचं शेत. माळ्यावर बसलेला शेतकरी, हातात बॅटरी.)

आता परत आपल्याकडे. परवान्याची शिकार संपली, पण १९७२ च्या कायद्याचं कलम ११ आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या रोह्याला, म्हणजे नीलगाईला, किंवा रानडुकराला मारायची परवानगी त्यानुसार देता येते. जागलीला बसणाऱ्या शेतकऱ्याचा राग मी समजू शकतो. रात्रभर जागून सकाळी निम्मं शेत आडवं झालेलं बघणं काय असतं, हे शहरात बसून बोलणाऱ्यानं आधी एकदा माळ्यावर रात्र काढून बघावं. पण रोह्याच्या मादीलाही पुष्कळदा जुळी होतात, आणि तिचं वासरूही पहिले दिवस लपूनच असतं. अंधारात बॅटरीच्या झोतात फक्त दोन डोळे चमकतात. त्या डोळ्यांवरून ती आई आहे की नाही, हे कळत नाही. अशी परवानगी द्यावी की नाही यावर आपल्याकडे हिरिरीनं वाद होतात. दिलीच, तर कुठल्या महिन्यात, दिवसा की रात्री, आणि मागे राहणाऱ्या वासराची जबाबदारी कुणाची, यावर त्या मानानं फारच कमी बोललं जातं. मला वाटतं, परवानगीच्या कागदावर पहिली ओळ हीच असायला हवी.

(दृश्य: जर्मनी. मे महिना. पहाट. गवताच्या कुरणावर घोंगावणारा ड्रोन.)

कुरणातलं गवत आज कापायचंय. मोठं यंत्र येणार आहे. यंत्राचा आवाज ऐकून पाडस पळत नाही. ते तेच करतं जे आईनं आणि जन्मानं शिकवलंय. जमिनीला चिकटतं.

म्हणून सूर्य उगवायच्या आधी, जमीन थंड असताना, गावातली माणसं ड्रोन उडवतात. त्याला उष्णता टिपणारा कॅमेरा असतो. पडद्यावर करड्या गवतात एक पांढरा ठिपका दिसतो. जेमतेम दीड किलोचा जीव. दोघं-तिघं चालत जातात. हातमोजे घालतात, मोज्यांवर गवताचे मोठे झुबके घेतात, म्हणजे माणसाचा वास लागणार नाही. त्यात धरून पाडस अलगद उचलतात. ते निपचित असतं. पेटीत गवत अंथरून, झाकण लावून, सावलीत, कुरणाच्या कडेला ठेवतात. यातले कितीतरी जण शिकारीच असतात.

यंत्र फिरून जातं. कापलेल्या गवताचा वास पसरतो. माणसं पेटी उघडतात आणि लांब निघून जातात.

झाडीच्या कडेला ती उभी आहे. सकाळपासून तिथेच होती. एक बारीक साद. पाडस उठतं, पाय लटपटतात, पुन्हा बसतं, पुन्हा उठतं. मग ती स्वतःच पुढे येते. ते तिच्या पोटाखाली शिरतं आणि कासेला ढुशा देत पिऊ लागतं.

कुरणाच्या टोकाला, झाडाला टेकवलेलं लाकडी मचाण दिसतंय. सप्टेंबरच्या १ तारखेपर्यंत तिथून तिच्यावर नेम धरला जाणार नाही.