टेक्सस: माणसं किती, मतदार किती?

२०२०च्या जनगणनेत टेक्ससची लोकसंख्या भरली २ कोटी ९१ लाख. त्यात हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेले, ३९.३ टक्के आणि बिगर-हिस्पॅनिक गोरे ३९.७. जवळजवळ बरोबरीच. पण मतदानाला पात्र असणाऱ्यांत हिस्पॅनिकांचा वाटा तेव्हा ३० टक्क्यांच्या आसपासच होता.

ही गळती कुठे होते? शंभर हिस्पॅनिकांची वस्ती धरू, आकडे फक्त हिशेबापुरते. ३२ मुलं अठराच्या आतली, ती वजा. मोठ्यांपैकी १८ जण अजून नागरिक नाहीत. कुणी ग्रीन कार्डवर, कुणाकडे कागदच नाहीत. उरले ५०. शेजारच्या गोऱ्या वस्तीत मुलं २० आणि बिगर-नागरिक २ धरले, तर तिथे उरतात ७८.

प्लॅनो-फ्रिस्को या डॅलसच्या उपनगरांतल्या मराठी घरांनाही हाच हिशेब लागू. एच-वन-बी व्हिसावरचं जोडपं जनगणनेत ‘एशियन इंडियन’ म्हणून मोजलं जातं, पण मतदार नाही. तिथेच जन्मलेली त्यांची मुलगी नागरिक आहे, मात्र मत द्यायला तिला अठरा पूर्ण व्हावी लागतात.

आता २०२०च्या जनगणनेचा तो फॉर्म. आधी विचारलं होतं, मूळ हिस्पॅनिक आहे का? वंशाचा प्रश्न त्यानंतर, वेगळा. हिस्पॅनिक माणूस गोरा असेल, काळा असेल, दोन्हींवर खूण करेल. म्हणून ‘गोरे अधिक हिस्पॅनिक’ अशी सरळ बेरीज केली, की तीच माणसं दोनदा मोजली जातात.

नागरिकत्वाचा प्रश्न या फॉर्मवर नव्हताच. तो घालायचा घाट होता, २०१९मध्ये सुप्रीम कोर्टात अडला. ते उत्तर मिळतं अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतून. ही नमुना पाहणी, दरवर्षी साधारण ३५ लाख पत्त्यांची. लहान भागासाठी पाच वर्षांची उत्तरं एकत्र करावी लागतात, त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या उपनगराचं चित्र शिळंच हाती येतं.

या पाहणीवरून प्रौढ नागरिकांचा वंशवार तक्ता काढतात. त्यात ‘४’ दिसला, तर चारच माणसं समजू नका. गोपनीयतेसाठी १ ते ७मधला कुठलाही आकडा ४ छापतात, त्यापुढचे पाचाच्या पटीत. असे शेकडो तुकडे जोडून काउंटीची, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाची, बेरीज करायला गेलात, तर चूक साचत जाते. काउंटीचा आकडा हवा, तर काउंटीचाच तक्ता उघडा. त्यातही तुरुंगातले, पॅरोलवरचे नागरिक धरलेले असतात. गंभीर गुन्ह्याची शिक्षा पूर्ण होईपर्यंत टेक्ससमध्ये त्यांना मत नाही.

मतदारयादीवरून मोजावं, तर जॉर्जिया राज्यात नोंदणीच्या फॉर्मवर वंश विचारतात, टेक्ससमध्ये नाही. इथे स्पॅनिश आडनावांवरून अंदाज बांधतात. मग गार्सिया आडनावाची फिलिपिनो बाई हिस्पॅनिकांत जाते, आणि लग्नानंतर स्मिथ झालेली गार्सिया निसटते.

मतदारसंघ आखताना मात्र टेक्सस एकूण माणसंच धरतं. २०१६मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला मान्यता दिली. राज्याच्या सेनेटच्या ३१ मतदारसंघांत माणसं जवळपास सारखी, आणि मतदार कुठे कमी, कुठे जास्त.