'इत्यादी'च्या पोटात काय असते

श्रोतेहो, 'लेखात वगैरे हा शब्द चार वेळा आला आहे, त्याऐवजी दुसरा एखादा सुचवा' अशी विनंती मला अनेकदा केली जाते. विचारणाऱ्याची अपेक्षा अशी असते की मी इत्यादी, आदी, प्रभृती, तत्सम असे चार शब्द त्याच्या हाती ठेवीन आणि त्यांतला कोणताही उचलून तो मोकळ्या जागी बसवेल. अडचण अशी की यादी अर्धवट सोडण्याची कारणे वेगवेगळी असतात, आणि आपण निवडलेला शब्द ते कारण उघडे पाडतो.

'इत्यादी' म्हणजे इति अधिक आदि, 'हे ज्याच्या आरंभी आहे ते'. आपण हा शब्द यादीच्या शेवटी लिहितो, पण तो बोलतो आरंभाविषयी. पाणिनीने 'सर्वादीनि सर्वनामानि' (सर्व आदी शब्द ही सर्वनामे) असे सूत्र केले, तेव्हा 'सर्व' हा शब्द ज्या यादीत पहिला आहे ती यादी गणपाठात, म्हणजे सूत्रांच्या जोडीच्या शब्दयाद्यांच्या संग्रहात, दिलेली होती. 'आदि' म्हणणे हे तिकडे बोट दाखवणे होते, हात झटकणे नव्हे. मात्र सगळेच गण, म्हणजे अशा शब्दयाद्या, बंदिस्त नव्हते. ज्या गणात नमुन्यादाखल काही शब्द देऊन त्याच घडणीच्या इतरांना दार उघडे ठेवलेले असते, त्याला वैयाकरणांनी 'आकृतिगण' असे वेगळे नाव दिले. यादी पुरी आहे पण येथे सांगत नाही, आणि यादी पुरी होणारीच नाही, या दोन गोष्टी त्यांनी निरनिराळ्या मानल्या; आपण दोहोंना एकच 'इत्यादी' लावतो.

त्याचा भुर्दंड मी एका कचेरीत भरला आहे. सूचनाफलकावर 'ओळखपत्र, जन्मदाखला इत्यादी कागदपत्रे सोबत आणावीत' असे लिहिले होते. मी दोन्ही नेली. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी छायाचित्र मागितले आणि ते 'इत्यादी'मध्येच येते, असे शांतपणे सांगितले. त्यांच्या टेबलावर पुरी यादी होती, माझ्याकडे केवळ तिचा आरंभ. कायद्याचा अर्थ लावताना अशा वेळी एक तत्त्व वापरतात: विशिष्ट वस्तूंच्या मागोमाग सर्वसाधारण शब्द आला, तर तो त्याच जातीच्या वस्तूंपुरता वाचायचा. छायाचित्र हे दाखल्यांच्या जातीचे आहे काय, असा वाद मला घालता आला असता. घातला नाही, मागे रांग मोठी होती.

'आदी' पुढच्या नामाला धरून चालतो, जसे 'गुरू, शनी आदी ग्रह'. शिवाय 'आदींनी', 'आदींचा' अशी विभक्तीही घेतो. 'प्रभृती' माणसांसाठी राखलेला बरा. 'टेबल, खुर्ची प्रभृती' असे लिहिले की खुर्चीच अध्यक्षस्थानी बसल्यासारखी वाटते.

'वगैरे'ची जात निराळी. तो मुळात अरबी: व म्हणजे आणि, गैर म्हणजे दुसरा, एकूण अर्थ 'आणि त्याखेरीज दुसरे'. येथे आरंभाकडे बोट नाही, म्हणून त्याला यादीची गरजही उरत नाही. 'मी रागावलो वगैरे नाही' या वाक्यात मोजण्यासारखे काहीच नाही. रागाची धार कमी करण्यापुरता तो शब्द उभा आहे. तेथे 'इत्यादी' घालून पाहा, वाक्य कोसळते. 'रागावलोबिगावलो नाही' मात्र चालते.

या 'बि'ला शब्दकोश समानार्थी म्हणून उभा करत नाही, पण बोलण्यात सर्वांत जास्त राबतो तोच. शब्दाचे पहिले अक्षर काढून तेथे 'बि' ठेवायचा: कागदबिगद, पुस्तकबिस्तक, येऊनबिऊन. 'पुस्तके वगैरे वाचतोस का?' ही चौकशी झाली. 'पुस्तकबिस्तक वाचतोस का?' यात विचारणाऱ्याचे पुस्तकांविषयीचे मतही ऐकू येते. ही युक्ती 'बिल' या शब्दाला लागू पडत नाही. त्याच्या तोंडी आधीच 'बि' असल्याने 'बिलबिल' होते, आणि बोलणारा क्षणभर अडखळून मुकाट्याने 'वगैरे'कडे वळतो.