अर्धं बंदर घाटावर असतं

मंडळी, जुन्नरकडून नाणेघाटाच्या तोंडाशी गेलात की एक मोठा दगडी रांजण दिसतो. घाट उतरणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची, असं सांगतात. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा ही बंदरं खाली, माल मात्र वरचा, देशावरचा. गलबत कुठे लागतं हे अर्धंच झालं. माल तिथवर कोणत्या वाटेनं उतरतो, यावर बंदर जगतं.

आपल्या कोकणात आडोशाच्या जागा काय कमी आहेत? विजयदुर्ग घ्या, जयगड घ्या. पण पाठीशी सह्याद्री उभा. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, तीही किनाऱ्याच्या बाजूबाजूनं धावते, घाट चढत नाही. मुंबईचं नशीब उघडलं ते भोर घाटात १८६३ साली आणि थळ घाटात १८६५ साली रेल्वे चढली तेव्हा. पाठोपाठ १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस थेट गोदीत येऊ लागला.

मुंबईसमोर खाडीपलीकडचं न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. त्याची जागा मला फार शहाणपणाची वाटते. पश्चिमेला मुंबईचा आडोसा, त्यामुळे भर पावसाळ्यातही लाटांचा मारा थेट येत नाही. आणि ते मुख्य भूमीवर आहे, ट्रेलरला मुंबईच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. उणीव एकच, गाळ. खोली राखायला सतत उपसा करावा लागतो. डहाणूजवळच्या वाढवणला किनाऱ्यालगत सुमारे २० मीटर खोली मिळते, म्हणून तिथल्या बंदराचं २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. पण त्या पाण्यात तिथल्या मच्छीमारांची जाळी पडतात. त्यांचा विरोध जुना आहे, आणि त्यांचं ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता द्राक्षांचं बघा. मार्चमध्ये नाशिककडच्या पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसवर, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरतात तिथं, मी रात्री थांबलो होतो. सकाळी तोडलेला माल प्रीकूलिंगमधून, म्हणजे आधी थंड करून घेतात त्या खोलीतून, निघून रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये चढत होता. दाराला सील लागलं, थंडावा राखणारा जेनसेट (जनरेटर) सुरू झाला. गाडीजवळ उभ्या एका बागायतदारानं मूठभर द्राक्षं माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "मणी नंतर बघा साहेब, आधी देठ बघा. देठ हिरवा, तोवर भाव." थंडी तुटली की देठ तपकिरी पडतो. कसारा घाट उतरून काही तासांत गाडी न्हावा-शेवा बंदरात पोचते, हे त्याचं खरं भांडवल. शिवाय मोठ्या बंदरात अनेक कंपन्यांची जहाजं लागतात. एक चुकलं तरी दुसरं मिळण्याची आशा असते, भाड्यातही घासाघीस करता येते. लहान बंदरात पुढच्या जहाजाची वाट पाहण्यात हंगाम निसटतो.

२०२३ च्या अखेरीस सुएझच्या वाटेवरच्या तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी बरीचशी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. समुद्रावरचे ते वाढीव दिवस आपल्या हातात नव्हते. घाटातले आणि बंदराच्या फाटकावरचे तास मात्र होते, आणि त्या हंगामात बागायतदार तेच मोजत बसले होते.