‘वाटोळं’ या शब्दाची उलटतपासणी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘रोमचा करार आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय’. त्याकडे येतोच. आधी एक शब्द सांगू द्या, बरीच वर्षं घशात अडकलाय.

एका सेशन्स कोर्टात मी आरोपीचा वकील होतो. फिर्यादी बाई पिंजऱ्यात उभी. म्हणाली, ‘त्यानं माझं वाटोळं केलं, साहेब.’ साहेबांनी स्टेनोला इंग्रजीत सांगितलं. त्या इंग्रजीचा अर्थ एवढाच, की याने माझं नुकसान केलं. सरकारी वकील गप्प. मी उठलो आणि विचारलं, ‘बाई, किती रुपयांचं?’ कोर्टात हशा पिकला. तुम्हीही हसलात. हसा, तेव्हा मीही हसलो होतो. आरोपी सुटला, राहिलेली फी दुसऱ्या दिवशी घरपोच आली. वाटोळं म्हणजे नेमकं काय, हे तिला कुणी विचारलंच नाही.

आता चला टांझानियात, अरुशाला. रवांडात १९९४ साली तुत्सी जमातीचा संहार झाला, त्याचे खटले तिथे चालले. न्यायालय संयुक्त राष्ट्रांनी नेमलेलं. गंमत म्हणजे सुरक्षा परिषदेत त्या ठरावाच्या विरोधात एकट्या रवांडानेच मत दिलं, एक कारण हे, की त्यात फाशी नव्हती. पहिला मोठा खटला जाँ-पॉल अकायेसूचा. हा ताबा नावाच्या कम्यूनचा प्रमुख. आपला सरपंच आणि तहसीलदार एकत्र केला तर जो होईल, तो. आधी शाळामास्तर होता. (मागे दोन मास्तर बसलेत, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.) त्याच्या हद्दीत निदान दोन हजार तुत्सी मारले गेले. आरोपपत्रात खून होते, छळ होता, बलात्काराचा शब्दही नव्हता.

जानेवारी १९९७. एक साक्षीदार, कागदोपत्री नाव ‘जे’. पळापळीचं सांगता सांगता बोलून गेली, की माझ्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. आमच्याकडे असतं तर ‘पुढे बोला’ झालं असतं. इथे न्यायासनावरून प्रश्न आले. तीन न्यायाधीशांत एकच बाई, दरबानच्या नवनीतम पिल्ले. बसड्रायव्हरची मुलगी. ‘जे’ला विचारलं तेव्हा तिने सांगितलं, अकायेसूच्या कचेरीच्या आवारात असं आणखी घडल्याचं कानावर आलं होतं. मार्चमध्ये दुसरी आली, ‘एच’. तिच्यावर ज्वारीच्या शेतात बलात्कार झाला होता. ज्वारी म्हटल्यावर मला अरुशा लांब वाटेनासं झालं. जूनमध्ये आरोपपत्र बदललं, त्यात बलात्कार आला.

आणि शब्द! साक्षी किन्यारवांडा भाषेत. कुणी म्हणे ‘कुर्यामाना’, म्हणजे एकत्र झोपणं. कुणी ‘गुफाता कु न्गुफु’, बळाने धरणं. आपली बळजबरीच की. न्यायाधीशांनी निकालपत्रात या शब्दांचे अर्थ एकेक करून नोंदवले. ते परिच्छेद मी वाचले त्या रात्री झोपलो नाही. निकाल २ सप्टेंबर १९९८ चा. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारात बलात्कार हा शब्द नाही. पण गटाचा नाश करण्याच्या हेतूने केलेली गंभीर शारीरिक, मानसिक इजा आहे, आणि बलात्कार तिच्यात बसतो, असं न्यायालयाने धरलं. त्या करारानंतर वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुणाला दोषी ठरवलं, ते तेव्हा पहिल्यांदा. जन्मठेप झाली.

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं. बरं, तर मूळ विषय. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्याने उभं राहिलं तो रोमचा करार जुलै १९९८ चा, अंमल १ जुलै २००२ पासून, न्यायालय हेगला. भारत मतदानात तटस्थ राहिला: सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार खटकले, आणि बंदी घातलेल्या शस्त्रांत अण्वस्त्रं नव्हती. अमेरिका, चीन, रशियाही बाहेर. न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. सुदानचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष बशीर, त्याच्यावर २००९ पासून वॉरंट. २०१५ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत जाऊन सुखरूप परतला, आणि तो देश सदस्य! पुतिनवरही वॉरंट, तरी ते २०२४ मध्ये मंगोलियात जाऊन आले, तोही सदस्य. उलट फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ मध्ये अटक होऊन हेगला पोचले. सरकार फिरलं की वॉरंटला पाय फुटतात, हा माझा मुद्दा होता. तो सविस्तर मांडायचा होता, राहिला.

फक्त त्या न्यायालयाच्या पुराव्याच्या नियमांतला नियम ७० सांगतो. पीडित व्यक्ती गप्प राहिली, तिने प्रतिकार केला नाही, म्हणून संमती होती असं हेगमध्ये धरता येत नाही. आपल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातलं १९७२ चं मथुरा बलात्कार प्रकरण आठवा. अंगावर जखमा नाहीत म्हणून सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं होतं.

अध्यक्ष उभे राहिले, थांबतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. ‘किती रुपयांचं’ सोडून काहीही.