गप्प पडलेलं शरीर

(मालिश, फिजिओथेरपी आणि योग या क्षेत्रांतल्या मंडळींसमोर पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुढच्या रांगांत शिकणारी मुलंमुली बसली आहेत, याचा मला फार आनंद आहे. विषय दिलाय तो असा : आघात सोसलेल्या माणसांसाठी मालिश, आणि मालिश सगळ्यांसाठी. दोन्हींवर बोलणार आहे. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात सलते आहे, ती आधी सांगते.

मी शिकत होते तिथे एकदा प्रात्यक्षिक चाललं होतं. आमच्याच वर्गातली एक मुलगी टेबलावर पालथी होती आणि सर तिच्या कमरेवर कोपराने दाब देत होते. ती हलली, खांदा आक्रसला, "सर, जरा..." एवढंच म्हणाली. सर म्हणाले, "अंग सोड, अंग सोड," आणि दाब वाढवला. मग ती एकदम गप्प झाली. सर वर्गाकडे वळून म्हणाले, "बघा, आता कशी रिलॅक्स झाली!" मी तिच्या डोक्याकडच्या बाजूला उभी होते. तिने टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती, की नखं पांढरी पडली होती. पायाची बोटं आत वळलेली. श्वास नुसता गळ्याशी, बरगड्या हलतच नव्हत्या. सुटायची धडपड तिने सोडून दिली होती, आणि वर्गाने वहीत लिहून घेतलं : रिलॅक्स.

धोका आला की माणूस लढतो किंवा पळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. दोन्ही जमण्यासारखं नसेल तर शरीर गोठतं, हे मात्र मालिश शिकवताना कुणी सांगत नाही. हे गोठणं कुणी ठरवून करत नाही. ज्या माणसाने लहानपणी, लग्नात, एखाद्या अपघातात किंवा दवाखान्यात असं गोठून स्वतःला वाचवलंय, त्याचं शरीर आपल्या टेबलावरही तेच करू शकतं. आणि आपण खूश, की क्लायंट किती शांत आहे!

ओळखायचं कसं? टेबलावरच्या बाईचं एका हाताने मनगट आणि दुसऱ्याने कोपर खालून धरून तिचा हात उचला. स्नायू खरोखर सैल असतील तर हाताचं सगळं वजन तुमच्या तळव्यांत येतं. आता तुमचे तळवे किंचित खाली न्या. हात तुमच्याबरोबर खाली आला तर ठीक. हवेत तसाच राहिला, तर तो हात ती बाई स्वतः धरून आहे. "सैल सोडा" असं तिला म्हणू नका, ते तिने आयुष्यभर ऐकलेलं असतं. हात हळूच खाली ठेवा आणि विचारा, "इथे थांबू की पुढे जाऊ?"

दुसरी गोष्ट इथल्या ज्येष्ठ मंडळींना लगेच कळेल. माझ्याकडे नारायण पेठेतल्या एक आजी येतात, गुडघ्यांसाठी. त्याआधी मुलाने त्यांना एका महागड्या ठिकाणी नेलं होतं. मंद दिवे, सुवासिक तेल, आणि स्पीकरवर वाहत्या पाण्याचा आवाज. पाच मिनिटांत आजी उठून बसल्या, घामाने डबडबलेल्या. तिथल्या मुलीला वाटलं, बीपी वाढलं. बारा जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पाणी पेठांत शिरलं, तेव्हा या शाळकरी होत्या. गच्चीवरून घरं पडताना बघितली होती त्यांनी. नदीकाठच्या पेठांमध्ये असं एकेक घर आहे. तिथल्या मुलीचा दोष मी मानत नाही, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पण "आवाज चालू ठेवू की बंद?" एवढं विचारायला काय लागतं? आजींना पूर सांगावा लागला नसता, "बंद" म्हणाल्या असत्या.

म्हणून माझ्या फॉर्मवर "तुमच्यावर काही वाईट प्रसंग आला होता का?" हा प्रश्न नाही. आपण समुपदेशक नाही, कुणाची जखम उकरायचा आपल्याला अधिकार नाही. माझे प्रश्न वेगळे आहेत. कुठे हात नको? पालथं झोपायला चालेल का? दार कडी लावून की नुसतं लोटून? डोळ्यांवर कापड ठेवू की नको? कारण विचारायचं नाही.

आता कुणीतरी म्हणेल, आपल्याकडची मालिश रांगडीच असते, दुखल्याशिवाय मोकळं होत नाही. तालमीतली मालिश बघा, म्हणतात. अहो, तालमीतला पैलवान रोज येतो, मालिश करणाऱ्याला नावाने ओळखतो आणि नको असेल तेव्हा दणकून "बास!" म्हणतो. तो बास म्हणू शकतो म्हणून तिथली रग चालते. बाळंतिणीला तेवढी मुभा कुठे असते? टाके ओले असताना सासूने ठरवलेली बाई येते आणि पोट चोळायला घेते. "सगळ्यांनाच दुखतं" म्हणून गप्प बसवलेल्या कितीतरी बायका मला भेटल्या आहेत, याचा मला राग येतो. आणि परंपराच काढायची तर पूर्ण काढा. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने रोज अभ्यंग, म्हणजे तेलाची मालिश, करावा असं सांगितलं, तिथेच तो कुणी करू नये हेही सांगितलं : कफाचा त्रास असलेल्याने, शोधन, म्हणजे वमन-विरेचनासारखी शुद्धी, झालेल्याने, अजीर्ण असलेल्याने. हात कधी लावायचा नाही, हे आपल्या शास्त्राला ठाऊक होतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. 'सगळ्यांसाठी' हा भाग आता भरभर सांगते, माफ करा.

ट्रान्स व्यक्ती आली तर जे नाव ती सांगेल तेच रजिस्टरमध्ये. छाती सपाट दिसावी म्हणून घट्ट बांधलेलं कापड काढायला लावू नका, वरून काम होतं. आपली लिंगओळख आपण ठरवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आणि सेवा नाकारू नये हे २०१९ च्या कायद्यात आहे. तरी पुण्यात "आमच्याकडे फक्त लेडीज" म्हणून फोन ठेवले जातात.

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील, तर त्या हातावर जोराचा दाब नको, सूज येऊ शकते. जाड माणसाला टेबल किती वजन पेलतं ते आधीच सांगा, त्याला घाबरत चढायला लावू नका. व्हीलचेअरवरच्या माणसाला विचारल्याशिवाय उचलू नका, आणि खुर्चीतच मालिश करता येते. तळहात-तळपाय सोडून बाकीच्या, बारीक केस असलेल्या त्वचेत काही मज्जातंतू संथ स्पर्शालाच सर्वांत जास्त प्रतिसाद देतात, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर. म्हणजे घाईचा हात उपयोगाचा नाही. पण तोच संथ हात नको असलेल्या माणसाचा असेल, तर तो सोसावाच लागतो.

चादर जिथे काम चालू आहे तिथलीच बाजूला करा. हात अचानक उचलू नका, काढताना "काढते" म्हणा. झाल्यावर लगेच उठवू नका.

आणि मुलींनो, हे खास तुमच्यासाठी. "नाही" म्हणायचा हक्क टेबलावरच्या माणसाला आहे, तसाच तुम्हालाही आहे. फोनवर कुणी वाकडं विचारलं तर तिथेच ठेवून द्या. मालिश चालू असताना काही खटकलं, तर हात काढा, खोलीबाहेर या आणि मालकाला सांगा, पैसे परत गेले तरी चालतील. मालक ऐकत नसेल तर ते ठिकाण सोडा. मी माझ्याकडच्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी हे सांगते. तेलाचं शिकवते ते त्यानंतर.