ताज्या दुःखावर विनोद: समोर कोण आहे?

नमस्कार मंडळी.

या विषयावर बोलणं सुरू झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. भूकंप झाला, विमान कोसळलं, हॉस्पिटलला आग लागली, तर विनोदी कलाकारानं त्यावर बोलायला किती दिवस थांबायचं? तेरा दिवस, महिना, वर्ष? माझं मत असं झालंय की दिवस मोजून हा प्रश्न सुटत नाही. ताज्या दुःखावर विनोद करूच नये, असं मी म्हणणार नाही. पण करायचा तर ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्यासमोर उभं राहून करावा. म्हणजे त्यांना वाटलं तर ते तिथल्या तिथे उठून 'बस कर आता' म्हणू शकतील. हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो.

न्यूयॉर्कमधला एकच आठवडा घेऊ. ११ सप्टेंबर २००१ ला जुळे मनोरे पडले, सुमारे तीन हजार माणसं गेली. त्या शहरात रोज रात्री लोकांना हसवणारे कितीतरी जण होते. आता तोंड उघडायचं की नाही, आणि उघडलं तर काय बोलायचं, हे त्यांच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं. महिनाअखेरीला तीन गोष्टी घडल्या.

पहिली, 'द ओनियन' या उपहासाच्या साप्ताहिकाचा अंक २६ सप्टेंबरला आला. ही मंडळी त्याच वर्षी विस्कॉन्सिनहून न्यूयॉर्कला राहायला आली होती, त्यामुळे धूर त्यांच्याही खिडक्यांतून दिसला होता. अंक जवळजवळ पूर्ण हल्ल्यावरच होता. एका बातमीत विमानं पळवणारे स्वर्गाच्या आशेनं गेले आणि नरकात पोचल्यावर चकित झाले. एकीत देव पत्रकार परिषद घेऊन चिडून सांगतो की 'मारू नका' म्हणजे मारू नका, यात न समजण्यासारखं काय आहे? आणि एक बातमी अगदी साधी होती: काय करावं हे न सुचून एक बाई घरी अमेरिकेच्या झेंड्याचा केक बनवते. एवढीच बातमी. मला त्या अंकातली हीच सगळ्यांत मोठी वाटते. आपल्या हातात काही नाही, पण हात रिकामे ठेवणंही सहन होत नाही, ही त्या दिवसांतली प्रत्येकाची अवस्था तिच्यात होती. वाचणारा हसला तो स्वतःला ओळखून. संपादकांना शिव्यांची भीती होती, आणि आल्या त्या मुख्यतः आभाराच्या चिठ्ठ्या.

दुसरी गोष्ट २९ सप्टेंबरची. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम त्या रात्री हल्ल्यानंतर पहिल्यांदा झाला. सुरुवातीला रंगमंचावर महापौर रुडी जुलियानी होते आणि त्यांच्यामागे अग्निशमन दलाचे जवान उभे होते. त्या दलाची ३४३ माणसं मनोऱ्यांत गेली होती. निर्माते लॉर्न मायकल्स यांनी महापौरांना विचारलं, 'आम्ही विनोदी असू शकतो का?' महापौर म्हणाले, 'आजच कशाला सुरुवात करताय?' सगळं सभागृह हसलं. आता हे बसवलेलं होतं, हे उघड आहे. पण परवानगी कुणासमोर मागितली ते बघा. ज्यांचे सोबती ढिगाऱ्याखाली होते ते दोन पावलांवर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर नापसंती दिसली असती तर तो कार्यक्रम तिथेच संपला असता.

तिसरी गोष्टही त्याच रात्रीची, त्याच शहरातली. एका मेजवानीत गिल्बर्ट गॉटफ्रीड हा विनोदी नट बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, मला लवकर निघायचंय, विमान गाठायचंय, पण थेट विमान मिळालं नाही, मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगला थांबा आहे. सभागृह गप्प झालं. मग हुर्यो सुरू झाली आणि कुणीतरी ओरडलं, 'फार लवकर!' त्या दोन शब्दांमुळे पुढे सगळी चर्चा वेळेवर अडकली, असं मला वाटतं. कारण खरं बघा, ओनियनचा अंक त्याच्याही तीन दिवस आधीचा होता. लवकर म्हणायचं तर तो जास्त लवकर.

फरक विनोदाच्या आत होता. ओनियननं खुन्यांना धरलं आणि आपल्या असहायतेला धरलं. गॉटफ्रीडनं विमानातल्या प्रवाशांच्या मरणावरून स्वतःच्या प्रवासाची गंमत काढली. त्या प्रवाशांकडे त्यानं क्षणभरही पाहिलं नव्हतं. पण मी त्याला पूर्ण दोषी धरत नाही, कारण त्यानं ते लोकांच्या तोंडावर म्हटलं. त्यांनी त्याला तोंडावरच सुनावलं, त्यानं विषय सोडला, एक जुना, अत्यंत वाह्यात किस्सा सुरू केला आणि मघाशी हुर्यो करणारेच लोक हसून बेजार झाले. पोलिस आले नाहीत, खटला झाला नाही. हे प्रकरण पुढे पुन्हा घेऊ.

आता आपल्याकडे येतो. दहाव्याला घाटावर गेलेल्या प्रत्येकानं पाहिलं असेल. पिंड मांडलेला असतो, कावळे झाडावर असतात, आणि एकही खाली येत नाही. आमच्या नात्यातल्या एका काकांच्या दहाव्याला असंच झालं. ऊन चढलं होतं. घरचे एकेक पुढे येऊन हात जोडून शब्द देत होते: धाकटीचं लग्न आम्ही करू, विहिरीच्या पाण्याची पाळी मोडणार नाही, काळजी करू नका. कावळा ढिम्म. गुरुजी दर्भाकडे बघायला लागले. तेवढ्यात काकांचा धाकटा भाऊ म्हणाला, 'वहिनी, दादाला अजून चहा कुठे दिलाय आपण? आणि बशीत द्या, कपातून तो कधी प्यायला का?' इतके दिवस डोळ्यांचं पाणी न खळलेली मुलगी एकदम हसली. मग सगळेच हसले, रडत रडत. खरोखर कुणीतरी टपरीवरून चहा आणून बशीत ओतून ठेवला. दर्भाचा कावळा करावा लागला नाही.

दहा दिवसांतला विनोद आहे हा. घड्याळ लावून मोजलं तर फारच लवकरचा. पण पलीकडे दुसऱ्या घरचे लोक आपला पिंड घेऊन थांबले होते. त्यांच्यातल्या कुणी हेच वाक्य टाकलं असतं तर हातघाईवर गोष्ट आली असती. भावाला तो अधिकार होता, कारण तो त्या दुःखात उभा होता आणि वहिनीनं डोळे वटारले असते तर खाली मान घालणारही तोच होता. आणखी एक. त्या वाक्यात मरणाची चेष्टा नव्हती. बशीतून फुर्र करून चहा पिणारा एक माणूस त्या वाक्यानं पुन्हा सगळ्यांसमोर येऊन बसला.

आता याच्या अगदी उलट टोकाला जातो. २४ ऑगस्ट २०१६ ला मध्य इटलीत पहाटे साडेतीनच्या सुमारास भूकंप झाला. २९९ माणसं मेली, त्यातली बहुतेक अमात्रिचे नावाच्या डोंगरातल्या छोट्या गावात. या गावाच्या नावाचा पास्ता जगभर खाल्ला जातो, आणि त्या पास्त्याची जत्रा त्याच शनिवार-रविवारी भरायची होती, म्हणून गाव पाहुण्यांनी भरलेलं होतं. काही दिवसांनी पॅरिसच्या 'शार्ली हेब्दो' या उपहासाच्या साप्ताहिकानं व्यंगचित्र छापलं. रक्तानं माखलेला माणूस, खाली लिहिलंय टोमॅटो सॉसमधला पास्ता. भाजलेली बाई, तिच्याखाली पास्त्याच्याच दुसऱ्या पदार्थाचं नाव. आणि शेवटी स्लॅबच्या थरांमध्ये दबलेली माणसं, बाहेर आलेले पाय, आणि खाली: लझान्या.

मंडळी, आपण किल्लारी पाहिलेली माणसं आहोत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक घरी येऊन निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. ज्यांनी त्या दिवसांत तिथे माती उपसली त्यांना थरांमध्ये दबलेलं माणूस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तेव्हा कुणी लांबच्या शहरात बसून त्या थरांना पदार्थाचं नाव दिलं असतं, तर आपल्याला काय वाटलं असतं?

टीका झाल्यावर शार्ली हेब्दोनं दुसरं चित्र काढलं: इटालियनांनो, तुमची घरं शार्ली हेब्दो बांधत नाही, माफिया बांधतो. आता हा मुद्दा खोटा नव्हता, तोच खरा विषय होता. अमात्रिचेतली शाळा काही वर्षांपूर्वीच भूकंपासाठी मजबूत केली असं सांगितलं होतं, आणि ती पडली. ते काम कुणी केलं, कुणी पास केलं, यावर पहिल्याच दिवशी कुणी जहरी चित्र काढलं असतं तर मी ते भिंतीवर लावलं असतं. पण इथे ते चित्र पडलेल्या घरातल्या माणसांनाच उलट सुनावायला वापरलं. अमात्रिचेच्या नगरपालिकेनं बदनामीची फिर्याद दिली. ती मला पटत नाही, कारण व्यंगचित्रकाराला कोर्टात ओढायची सवय एकदा लागली की ती ठेकेदारांच्याच कामी येते. पण त्या गावाला दुसरा मार्ग काय होता? पॅरिसच्या त्या खोलीत उठून 'बस' म्हणायला त्यांच्यातलं कुणीच नव्हतं.

आणि हेच लोक दीड वर्ष आधी काय करत होते ते आठवा. ७ जानेवारी २०१५ ला त्यांच्या कचेरीवर हल्ला होऊन १२ जण मारले गेले. आठवड्याभरात त्यांनी पुढचा अंक काढला, त्यावर 'सगळं माफ' असं लिहिलेलं चित्र. त्या चित्रात प्रेषित दाखवल्याबद्दल वाद झाला, तो वेगळा आणि आजचा विषय नाही. पण स्वतःच्या सोबत्यांच्या मरणानंतर आठव्या दिवशी हे हसतात कसे, असं त्यांना कुणी विचारलं नाही. सुतक त्यांच्याच घरचं होतं.

काळाचा काहीच संबंध नाही का? आहे. अमेरिकेत २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं, तेव्हा विनोदाचा अभ्यास करणाऱ्या पीटर मॅग्रॉ आणि सहकाऱ्यांनी वादळावरचे तेच ते विनोद लोकांना वेगवेगळ्या दिवशी दाखवले. वादळ पोचण्याआधी लोक हसत होते. नुकसान कळल्यावर हसू आटलं. मग हळूहळू वाढत ३६ व्या दिवशी सर्वांत वर गेलं आणि पुढे पुन्हा उतरलं, कारण तोवर वादळाचं कुणाला काही वाटेनासं झालं. यातला सुरुवातीचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. हसू दुर्घटनेच्या आधीही असतं. मार्च २०२० मध्ये 'गो कोरोना गो'वर आपण घराघरांत हसलो, थाळ्यांवर हसलो. तेव्हा ते चूक नव्हतं. पण २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळाली, पुरवठा थांबला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्या रात्री तोच जुना व्हिडिओ कुणीतरी त्याच गंमतीनं पुढे पाठवला असेलच. साथीच्या रोगात, पुरात, दुष्काळात दुःख एका तारखेला घडून संपत नाही, ते घराघरांत वेगवेगळ्या दिवशी पोचतं. मग ३६ दिवस मोजायचे कुणाच्या घरापासून?

म्हणून मी पुन्हा गॉटफ्रीडकडे येतो. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. अठरा हजारांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. गॉटफ्रीडनं ट्विटरवर विनोद टाकायला सुरुवात केली. एक टाकला, दुसरा टाकला, टाकत राहिला. माणूस तोच, स्वभाव तोच. दहा वर्षांपूर्वी एका विनोदावर लोकांनी त्याला थांबवलं होतं आणि तो थांबला होता. इथे समोर लोकच नव्हते, हुर्यो करणारा आवाज नव्हता. त्सुनामीनं झोडपलेल्या सेंदाई शहरातलं कुणी त्याच्या खोलीत नव्हतं. शेवटी ज्या विमा कंपनीच्या जाहिरातीतल्या बदकाला तो आवाज देत होता, तिनं त्याला काढून टाकलं. त्या कंपनीचा फार मोठा धंदा जपानमध्ये होता. म्हणजे जो निवाडा माणसांनी करायचा तो जमाखर्चानं केला.

आज आपल्या मुंबई-पुण्यातल्या तरुण कलाकारांची अडचण हीच आहे, आणि मला त्यांची मनापासून काळजी वाटते. हॉलमध्ये ऐंशी माणसं बसलेली असतात. त्यांच्यासमोर एखादा ताजा, धारदार विनोद होतो. पूल पडला, होर्डिंग कोसळलं, दरड आली, तर ज्यानं परवानगी दिली त्याची सालटी काढायलाच हवीत, आणि ती लगेच काढायला हवीत, कारण चौकशी समितीचा अहवाल येईपर्यंत सगळे विसरतात. त्या हॉलमध्ये तो विनोद नीट पोचतो, कारण कलाकाराला चेहरे दिसतात, कुणी अस्वस्थ झालं तर तो वळण घेतो. पण दुसऱ्या दिवशी त्याचा पन्नास सेकंदांचा तुकडा कापून रील होतो. मागचं-पुढचं जातं, ठेकेदार जातो, उरतं फक्त दरडीवरचं हसू. आणि ते जाऊन पडतं शवागाराबाहेर ओळख पटवायला थांबलेल्या माणसाच्या फोनवर.

तेव्हा माझी त्यांना एक विनंती आहे, आणि इथे मागच्या रांगांत काही जण बसलेत म्हणून थेटच करतो. ताज्या दुर्घटनेवर बोला, जरूर बोला, रंगमंचावर बोला. प्रेक्षकांना फोन बंद ठेवायला सांगा, काही ठिकाणी ते आधीच सांगतात. पण त्याचा तुकडा टाकू नका. त्या गावात, त्या जिल्ह्यात जाऊन एक प्रयोग करा. तिथे तो विनोद टिकला, तर मग खुशाल टाका. तुम्ही म्हणाल, सर, तुकडा टाकला नाही तर तिकिटं कशी विकायची, आणि महिन्यानं त्याला विचारतो कोण? खरं आहे, नुकसान होईल. ते तुमच्याऐवजी आयोजकांनी थोडं सोसावं असं मला वाटतं. आज इथे तीन आयोजक आलेत, प्रश्नोत्तरांत हाच विषय आधी त्यांच्याशी बोलू.